पाण्यावरची शीळ

२९ मार्च २०१६, मंगळवार

आलो एकदाचा! फुलंब्रीकडून खुलताबादच्या बाजूला निघालं की दोन टेकड्यांच्या मध्ये हा तलाव लागतो. वाटेतल्या सगळ्या विहिरी कोरड्या ठणठणीत, आणि इथं एवढं पाणी, की उतरल्या उतरल्या चपला काढून मी आधी त्यात उभा राहिलो. शहरात आमच्या नळाला आठवड्याने पाणी येतं. सात महिन्यांची पोटुशी माझी बायको शालू हंडे घेऊन तिसरा मजला चढते.

काम सोपं आहे. तलावाकाठचे प्लॉट विकणाऱ्या नानासाहेबांनी कोकणातून एक जुनी बोट आणलीय. पाडव्याला गिऱ्हाइकांना तीत बसवून, गाणी लावून, माईकवरून प्लॉट दाखवायचे. पण बोटीवरचा सेट मध्येच बंद पडतो. तो सुधारला की बोट माझ्या ताब्यात आणि काठावरची पत्र्याची खोली आम्हा दोघांना. मग शालूला इथंच आणायचं. बाळ पाण्याकाठी जन्मेल, हंडा शिवायचा नाही तिने.

फोनवर मी नुसतं हं-हं करतो म्हणून रोजचं लिहून ठेवायचा तिचा हुकूम आहे. तर घे, लिहिलं.

३० मार्च

आयुष्यभर जीप-टेम्पोत टेप बसवले. बोटीची भीती वाटत होती, पण बारा व्होल्ट म्हणजे बाराच व्होल्ट, जमिनीवर काय नि पाण्यावर काय. बॅटरी चांगली निघाली. फ्यूज चांगला. सेट लागतो, दिवे लागतात, आवाज वाढवला की मान टाकतो. म्हणजे कुठेतरी वायर कुजलीय. कोकणच्या खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवी-पांढरी पूड धरली होती. ती खरवडली.

बोटीत वास मात्र वाईट आहे. ओलं कांबळं कोपऱ्यात पडून कुबट व्हावं तसा. शालू मला सोवळ्याचा म्हणते, पण हा वास तिलाही सोसला नसता. फिनेल टाकून दोनदा धुतलं.

भाकरी आवडाबाई करून देते. म्हातारी धनगराची आहे, दोन शेळ्या राखून पलीकडच्या खोपीत राहते. स्वयंपाकाला पाणी मात्र दूरच्या हापशावरून आणते. समोर तलाव असताना! मी हसलो तर ती हंडा कमरेवर घेऊन चालू लागली.

३१ मार्च

सापडला चोर! अर्थिंगची वायर वरून धडधाकट, सोलली तर आत काळा भुगा. नवी ओढली आणि सेट असा वाजला की टेकडीवरची माकडं पळाली. तलावाच्या मधोमध बोट उभी करून मी एकटाच नाचलो.

मग माईक तपासला. हॅलो-हॅलो कोण करत बसणार? आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरं होती. मेंढरं पाण्यावर नेली की बाप लांब, हलकी शीळ घालायचा. ती चालू असेपर्यंत मेंढरं खाली मान घालून पीत राहतात. तीच शीळ आपसूक ओठांवर आली. स्पीकरमधून टेकडीपर्यंत गेली. काय सुंदर घुमली!

तेवढ्यात काठावरून आवडाबाई ओरडत आली. बोट लावली तशी तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "आरं, काय केलंस लेकरा! हितं कुणी शीळ घालत नाय."

तिने सांगितलं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासऱ्याचं मेंढरांचं मोठं खांड इथं आलं. तलाव आटून मध्ये डबकं उरलं होतं. सासऱ्याने सवयीने शीळ घातली आणि मेंढरं धावली ती गाळात रुतली. मागची पुढच्यांच्या पाठीवरून चढली, तीही रुतली. पाणी तोंडापासून हातभर, आणि सगळी तहानलेली मेली. कुणी बाहेर काढली नाहीत. गाळाने गिळली. तेव्हापासून धनगर इथं मेंढरू पाजत नाही आणि शीळ तर नाहीच नाही.

ऐकून वाईट वाटलं. पण सेट सुधारलाय. शालूला फोन केला. रडलीच आनंदाने.

१ एप्रिल

डावा स्पीकर खरखरतो. खरखर कसली, चुळुक-चुळुक वाजतो. परातीत तोंड घालून जनावर पाणी पितं तसं. स्पीकरमध्ये पाणी गेलं असणार. उद्या खोलतो.

तलाव बोटभर खाली गेलाय. नानासाहेबांना कळवलं. ते म्हणाले, उन्हाळा आहे.

२ एप्रिल

जेवलो नाही.

स्पीकर खोलला. मागच्या पोकळीत लोकर होती. ओली, मळकट, बोटांनी ओढली तर निघतच राहिली, आणि तिला पिवळी चरबी चिकटलेली. चरबीत अळ्या. जाड, पांढऱ्या, सुस्त. पडद्याचा कागद मऊ, कोमट, चिकट झाला होता. बोट लावलं तर जिभेला लावल्यासारखं वाटलं. तो आत ओढला गेला. मी हात झटकून पाण्यात उडी मारली आणि पाण्यावरही त्याच चरबीचा तवंग.

साबण, राख, डिझेल, सगळं लावून झालं. हाताचा वास जात नाही. भाकरी तोंडाशी नेली तर भाकरीला तोच वास.

३ एप्रिल, रविवार

बॅटरी काढली. वायरी कापल्या. स्पीकर उपटून काठावर फेकले. आवाज चालूच. चुळुक-चुळुक, आता चारी बाजूंनी.

पाणी कमरेएवढं उतरलंय. उघड्या गाळावर मेलेली मासळी फुगून पडलीय आणि गाळभर खुरांचे ठसे आहेत. सगळे पाण्याकडे जाणारे. परत येणारा एकही नाही.

दुपारी उलटी झाली. उलटीत लोकर होती. शालू, हे वाचू नकोस.

४ एप्रिल

आवडाबाई शेळ्या घेऊन निघाली. जाताना एवढंच म्हणाली, की ज्याने शीळ घातली त्याने मेंढरं पिऊन धाय होईपर्यंत, त्यांची तहान भागेपर्यंत थांबायचं असतं, अर्ध्यावर सोडून जायचं नसतं. आमच्या बापाचाही हाच नियम होता. मी विचारलं, किती दिवस? "त्येंची तहान मला काय ठावं," म्हणाली.

मी ऐकलं नाही. पिशवी उचलून रस्त्याला लागलो. वळणापर्यंत गेलो असेन. गुडघ्यामागे काहीतरी ओलं, खरखरीत लागलं. मग पोटरीला. मग दोन्ही हातांना. दिसत काही नाही, पण चाटतात. घामाचं मीठ चाटतात आणि मागे लाळ राहते, दोरीसारखी, नासक्या दुधाच्या वासाची.

मी घरी गेलो तर ती माझ्या मागे घरी येतील. तिसऱ्या मजल्यावर. शालूपर्यंत.

परत फिरलो.

५ एप्रिल

शालूला फोन लावला. येऊ नकोस म्हणालो. का, ते सांगता येईना. ती चिडली. नळाला पाणी नाही, टँकरवर भांडणं होतात, नानासाहेबांनी पाडव्याला गिऱ्हाइकांच्या आधी गाडी पाठवायचं कबूल केलंय, मी येणारच. मी ओरडलो. म्हणाली, तिथं दुसरी कोणी ठेवलीस का?

नानासाहेबांना गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. हसले. बायको येतेय तर घाबरतोस काय, म्हणे.

फोनच्या जाळीतून अळी निघाली. फोन बंद.

६ एप्रिल

शीळ घालतोय. बोटीवर बसून, सकाळपासून. घातली की ती पितात, मला सोडतात. थांबलो की चाटायला येतात. हाताची साल गेलीय. ओठ फुटलेत. रक्त आलं तर तेही —

थोडं लिहितो, मग शीळ.

पाडव्याच्या आत त्यांची तहान भागली पाहिजे. शालू यायच्या आत. एवढंच.

७ एप्रिल

पाणी संपलं.

बोट गाळात बसली. गाळ गळ्याएवढा असेल, उतरता येत नाही. सगळीकडे चरबी, उन्हात वितळणारी. गाळातून तोंडं वर आलीत. आता दिसतात. कातडी सुटलेली, दातांत चिखल, जिभा काळ्या. शेकड्याने. सगळी माझ्याकडे बघतात.

एकही धायलेलं नाही.

शीळ येत नाही. तोंडात थुंकी नाही. आवाजही बसला —

८ एप्रिल, पाडवा

गाडी. धुरळा दिसतोय.

नको. नको. हात हलवतोय. ओरडता येत नाही.

गाडी थांबली. शालू उतरली. हिरवी साडी. हसतेय, हात करतेय. तिला वाटलं मी बोलावतोय. ड्रायव्हर सामान काढतोय. तिला मेंढरं दिसत नाहीत —

तोंडं फिरली. सगळी. माझ्याकडून तिच्याकडे.

का? तिच्याजवळ पाणी नाही. हंडा नाही, बाटली नाही, काही —

पोट.

देवा. बाळ पाण्यात असतं.

गाळ हलतोय. काठाकडे. मी उडी मारतो — छातीपर्यंत रुतलो — वही वर धरलीय — शालू, पळ —

ती थांबली. पोटाला हात लावला. खाली बघतेय. साडी ओली होतेय, पोटावर, गोल, आणि तिला वाटतंय की पाणमोट फुटली, पण मेंढरं चाट —