दाराचा देश

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज द्यायचं मनात नव्हतं, पण सवय जात नाही.

आईचं पत्र आलं. गल्लीकडचं दार बुजवून तू बाजाराकडे नवं काढलंस म्हणे, पलीकडच्या देशात रविवारीही बेकरी उघडी ठेवता येते म्हणून. दोन देशांची हद्द ती केवढी! शाळेत सिस्टर नकाशावर दाखवायच्या तेव्हा पेन्सिलीच्या टोकाखाली झाकून जायची. ती नेमकी आपल्या घरातून जाते, आणि अशा घराचा देश मुख्य दारावरून ठरतो, हे तुला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी आपण या देशात जेवून परदेशात हात धुवायचो, त्याची केवढी मजा वाटायची. आता आईच परदेशी झाली. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिला चालायला शिकवणारी सरकारी नर्स गल्लीतून परत गेली. तिला अंथरुणातच ठेवायचं आहे का तुला? दार होतं तिथे कर.

माया अजून आहे, ती आटवू नकोस.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लांब राहून रागावणं सोपं असतं. बेकरी चालली तर घर चालेल. इकडची नर्सही मिळेल, अर्जाला वर्षभर लागेल इतकंच. आई माझ्याशी बोलत नाही, जेवणही शेजारणीकडून मागवते. तूच समजाव तिला. एका दाराचं किती मनावर घ्यायचं?

राग ओसरला की लिही.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

भिंतीपलीकडून पोस्टाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस. तुझं पत्र ताईने मला धाडलं. वर्षभर थांबायचं का, हे माझ्या गुडघ्यांना विचारलंस? तू मित्राच्या लग्नाला परगावी गेलास तेव्हा मी गवंड्याला बोलावलं. माझ्या खोलीला गल्लीकडे दार काढून घेतलं आणि त्याच विटांनी तुझ्या बाजूचं बुजवलं. आता माझी खोली हेच माझं घर. हद्दीच्या कचेरीतला माणूस पाहून गेला. हसत होता, पण शिक्का मारला त्याने.

नर्स कालपासून येते. तुझा देश तुला लखलाभ.

भेटायचं असेल तर वळसा घालून ये आणि घंटा वाजव. मला दारापर्यंत चालत यायला वेळ लागतो. तेवढा वेळ बाहेर उभा राहा.

तुझी,
आई