शिक्क्याची तार

प्रिय योगिनी,

मंगळवारपासून फोन उचलत नाहीस. बरं. नको उचलू. पण हे वाचल्याशिवाय रविवारी तुझ्या लेकीचे, राहीचे कान टोचायचे नाहीत. अनिलची उद्या तुमच्या पोफळीच्या एसटीवर कंडक्टरची ड्युटी आहे, त्याच्या हाती देतोय. माझं अक्षर सातवीपर्यंतचं, लावून वाच.

त्या दिवशी तू राहीसाठी केलेल्या बाळ्या मी उचलून खिडकीबाहेर फेकल्या. जावई बसलेले, शेजारणी बसलेल्या. चुकलं. तू म्हणालीस, काका, पोरीच्या हातात हातोडी तुम्हाला बघवत नाही. तसं नाही गो. हात चांगला आहे तुझा. माझी पहिली बाळी तर अंड्यासारखी झालेली, तुझी गोल होती. माल खोटा होता.

मोबाइलवरून मागवलेली ती सत्तावीस हत्यारांची पेटी माळ्यावर टाक. नव्या माणसाला चार वस्तू पुरतात: पक्कड, कातर, बारीक कानस, लहान हातोडी. पक्कडीच्या तोंडात बोट फिरवून बघ. दाते लागले तर ठेवून दे, ते तारेला चावे घेतात आणि तोच चावा बाळाच्या कानात खरखरतो. आधी तांब्यावर हात बसव. चांदी घ्यायची तर दुकानात उभं राहून. समोर कापायला लावायची, कसोटीच्या दगडावर घासायची, वर तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा थेंब; खोट असली तर रेघेच्या रंगावरून कळते. दुकानदार कुरकुरला की पायरी उतरायची. तुझ्या तारेचा तुकडा मी खिशातून आणून घासला. वर चांदीचं पाणी, आत जर्मन चांदी. तिच्यात चांदी नावालाही नसते, निकेल असतं. ताटवाटीला ठीक, ताज्या जखमेला नाही.

तू म्हणालीस, त्यावर शुद्ध चांदीचा शिक्का आहे. तेवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. का, ते आता लिहितो.

तू तीन महिन्यांची होतीस. गणपतीच्या आधीची गर्दी, चांदीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. नेहमीच्या माणसाने तारेचं वेटोळं दिलं, शिक्क्याचं. मी कसोटीवर घासलं नाही. त्यातलीच तार तुझ्या कानात घातली. आठ दिवसांत डावा कान पिकला, डॉक्टरांनी तार कापून काढली, पाळी फाटली ती फाटलीच. अजून त्या बाजूला केस सोडतेस. उरलेलं वेटोळं मी मग दगडावर घासलं, खोटं निघालं, आणि गप्प बसलो. घरात सगळे म्हणाले, तुझ्या आईने, दमयंतीवहिनीने हयगय केली. लग्नाआधी एकदा तूही आईला तेच सुनावलंस, तेव्हा मी ओटीवरच होतो. ती उलट बोलली नाही, कारण तिलाही तेच खरं वाटायचं.

आज सकाळी तिला सांगितलं. तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून आत गेली. तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको, म्हणून हा कागद. आईला फोन कर, मला नाही केलास तरी चालेल.

सोबतच्या डबीत राहीसाठी सोन्याची तार आहे. टोचायला मला बोलाव, नाहीतर चिपळूणचा सोनार बघ. माझी कसोटीही अनिलकडे दिली आहे, आता ती तुझी. तेजाब सोनाराकडे मिळेल. पहिल्यांदा माझीच तार घास. काकाची म्हणून सोडू नको.

तुझाच,
आत्मारामकाका