निळ्या मण्यांचं वाण

१ डिसेंबर, सोमवार, सकाळ
आजपासून नवं आयुष्य. रांजणगावची कंपनी सुटली त्याला बरेच दिवस झाले. सुटली म्हणजे मीच सोडली. त्यांनी फक्त कागद पुढं केला. पण क्वालिटी कंट्रोलमध्ये जन्म गेलेला माणूस रिकामा बसत नसतो. ठरलं. खऱ्या खड्यांच्या मण्यांचे, हातानं ओवलेले नेकलेस. पुण्याला जाऊन मणी, सुया, दोरा, हूक सगळं घेऊन आलोय. जानेवारीत गावात नाव, उन्हाळ्यात कंपन्यांच्या गिफ्टच्या ऑर्डरी, दिवाळीपर्यंत एक्स्पोर्ट. रोज पहाटे पाचला बैठक. चहा बंद.
सविताला प्लॅन सांगितला. म्हणाली, बरं. थोड्या वेळानं विचारलं, गोठा झाडून झाला का.

२ डिसेंबर
आठला उठलो. थंडीत बोटं वळत नाहीत. पहाटेची बैठक संक्रांतीनंतर सुरू करावी. चहा घेतला.

४ डिसेंबर
मणी उघडून मांडले. सगळे निळे. दुकानदार म्हणाला होता एकाच रंगात घेतले तर परवडतील, आणि मला ते पटलं. दहा रंग म्हणजे जत्रेतलं दुकान. एक रंग म्हणजे कलेक्शन. पुतणी मोनाली शिरूरला कॉलेजात आहे, तिला फोटो पाठवला. तिचं म्हणणं, तात्या, इन्स्टाला निळं भारी दिसतं.
सविता एक मणी चिमटीत धरून उजेडाकडं बघत राहिली. हिरवं न्हाई का मिळालं, म्हणाली. का म्हणून विचारलं तर मणी ठेवून चुलीकडं गेली. बायकांना हिरव्यापुढं रंग माहीत नसतात.

६ डिसेंबर
मणी घरंगळू नयेत म्हणून परात घेतली. सुई ओवण्यात सकाळ गेली. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. दुपारी निम्मी माळ झाली आणि सविता आली, परात पाहिजे म्हणाली, भाकरी करायची आहे. मी म्हणालो, थांब, प्रॉडक्शन चालू आहे. ती थांबली नाही. दोरा निसटला. मणी अंगणापर्यंत गेले. दोन कोंबडीनं गिळले.
नुकसान नाही. प्रत्येक धंद्यात वेस्टेज धरावंच लागतं.

९ डिसेंबर
जेवताना भाकरीत मणी निघाला. परातीच्या कडेला राहिला असणार. दाढ फुटली. शिरूरच्या डॉक्टरनं उरलेली काढली. मणी धुऊन भिंगाखाली बघितला, एक चरा नाही. मालाच्या क्वालिटीबद्दल आता शंका उरली नाही.
सविताला तसं सांगितलं. ती म्हणाली, गरम पाण्यानं गुळण्या करा.

१७ डिसेंबर, संध्याकाळ
पहिला नेकलेस पुरा झाला. आधीचे धरत नाही, ते ट्रायल होते. प्रत्येक मण्यानंतर गाठ. ओढून बघितला, वाकवून बघितला, पाण्यात ठेवून बघितला. पास.
हा सविताचा. तिच्यासमोर ठेवला. छान झालाय, म्हणाली. घालून बघ म्हणालो. तर म्हणाली, सणाला घालीन.
एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कोण वाचायला येतंय. कंपनीत होतो तेव्हा ही सकाळी डबा द्यायला गाडीपर्यंत यायची. आता दिवसभर मी घरात आणि काही करायला उठलो की म्हणते, तुम्ही बसा. रागानं म्हणत नाही. पाहुण्याला म्हणावं तसं म्हणते. गाय तिची, ऊस तिचा, बचत गट तिचा. मी बसलेला. तिनं हा नेकलेस चार बायकांत गळ्यात घातला की पुरे. एक्स्पोर्टचं नंतर बघता येईल.

२२ डिसेंबर
एसटीनं शिरूर. अकिलाच्या बांगड्यांच्या दुकानात सॅम्पल दाखवलं. सविता तिथलीच गिऱ्हाईक, त्यामुळं ओळख. अकिलानं गाठी बघितल्या, काम साफ हाय भाऊ, म्हणाली. मग म्हणाली, पर निळा खडा म्हटलं की तुमच्यातल्या बाया मागं सरतात. शनीचा रंग. कुणाला मानवतो, कुणाला न्हाई. लाल करा, हिरवं करा, मी ठेवते.
म्हणालो, हा नीलम नाही, साधा निळा दगड आहे. ती म्हणाली, मला माहीत हाय, बायांना कोण सांगणार. शेवटी ओळखीखातर एक शोकेसमध्ये लावून घेतला.
परतीच्या गाडीत विचार केला. तिच्या काचेच्या बांगड्यांना धोका वाटला असणार. धंदा आहे, आपण मनाला लावून घेऊ नये.

२८ डिसेंबर
कल्पना सुचली. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू. दरवर्षी सविता वाणाला चहाची गाळणी नाहीतर प्लॅस्टिकची वाटी देते. यंदा माझे नेकलेस. आळीतल्या सगळ्या बायका एकाच दिवशी माझा माल घालून हिंडणार. अशी जाहिरात कुणाला जमली नसती.
सविता बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. म्हणाली, बाया घेतील का. म्हणालो, वाणाला नाही म्हणता येत नाही, तीच तर प्लॅनची खुबी. त्यावर म्हणाली, मी एकदा वाट्या बी आणून ठेवते. मी बजावलं, वाट्या आणायच्या नाहीत. तिनं तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, ठीक हाय, तुमच्या मनासारखं होऊ द्या.
पटलं तिला.

५ जानेवारी
पाठ गेली. मान गेली. उजव्या हाताचं बोट सुजलंय. रोजचं टार्गेट ठरवलं होतं, ते आता आठवड्याचं केलं. सविता म्हणाली, बसा तुम्ही, मी ओवते थोडे. नको म्हणालो. हातानं ओवलेले म्हणजे माझ्या हातानं.

११ जानेवारी
प्रत्येक नेकलेसला कार्ड पाहिजे. मजकूर मी लिहिला, मोनालीनं छापून आणला. ‘अस्सल खडा. काच नव्हे. परिणाम जाणवणारच.’ मोनालीनं विचारलं, तात्या, कसला परिणाम. सौंदर्याचा, म्हणालो. ती म्हणाली, मग तसं लिहा ना. कार्डावर जागा नव्हती. ग्राहकाला गॅरंटी लागते, खुलासा नाही.

१८ जानेवारी, रविवार
हळदीकुंकू झालं. दिवसभर तिळगूळ वाटून, सतरंज्या घालून थकलो. तरी लिहिणार.
सवितानं घातला. काळी साडी, तिच्यावर निळे मणी. आळीतल्या बायका आल्या, सगळ्यांची नजर तिच्या गळ्याकडं. सगळ्यात म्हाताऱ्या ताईबाई, शेजारच्याच, एकदम म्हणाल्या, सविते, घातलास व्हय. सविता म्हणाली, ह्यांनी केलाय. एवढंच म्हणाली. मी आतल्या खोलीत दाराआड उभा होतो. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.
वाण सगळ्यांनी घेतलं. कुणी नाही म्हटलं नाही. ताईबाईंनी तर हातात न घेता पदरात घेतलं, मोठ्या मानानं. कार्ड एकीनं मोठ्यानं वाचलं, मग सगळ्या शांत झाल्या. बायका एरवी तास तास हलत नाहीत. आज चहा अर्धा ठेवून लगेच निघाल्या, घरी जाऊन घालून बघायचं असणार.

२१ जानेवारी
कुणाच्या गळ्यात दिसला नाही. बरोबर आहे. चांगला दागिना रोज घालत नाहीत.
सविता घालते. धार काढतानाही होता. पाणी लागेल म्हणून काढ म्हणालो, तर म्हणाली, राहू द्या.

२४ जानेवारी, शनिवार
वेशीवरच्या मारुतीला आज बायकांची रीघ. तिथंच बाजूला शनीची शिळा आहे. एरवी तिकडं दोन म्हातारे सोडले तर कुणी फिरकत नाही. गावात भक्ती वाढते आहे, चांगली गोष्ट आहे. मला जायचं होतं, पण गुडघा दुखत होता.

२७ जानेवारी
ताईबाई लंगडत आल्या. हळदीकुंकवाहून घरी जाताना उंबऱ्यातच पाय मुरगळला म्हणाल्या. सुनेचा मिक्सर जळला. नातवाला परीक्षेत कमी पडले. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, दत्ता, परिणाम जाणवला रं बाबा.
पहिला फीडबॅक. मोनालीला इन्स्टाला टाकायला सांगितलं, ‘न्हावरे येथील ज्येष्ठ ग्राहक म्हणतात, परिणाम जाणवला.’ तिनं टाकलं नाही. मोबाइलला रेंज नाही म्हणाली. शिरूरला.

३० जानेवारी
अकिलाचा फोन. शोकेसची काच तडकली. काचेचं काय, उन्हानं तडकते असं तीच म्हणाली, पर दुकानात बाया कुजबुजतात, तेवढा पीस घेऊन जा भाऊ. मी म्हणालो, विकला गेला असं समज. ती म्हणाली, असं कसं समजू.
शिरूरचं मार्केट अजून तयार नाही. थेट पुणे बघावं. पुढच्या आठवड्यात. गुडघा बरा झाल्यावर.

२ फेब्रुवारी
बोअरची मोटर जळली. बघायला गेलो तर गोठ्याच्या पायरीवर चक्कर आली आणि पडलो. बीपी. गोळ्या दोन महिने घेत नव्हतो, धंद्याच्या गडबडीत राहून गेलं. डॉक्टर ओरडला. सविता गाडीत माझा हात धरून बसली होती. गावातली माणसं बघत होती तरी सोडला नाही.

५ फेब्रुवारी
सविताच्या गळ्यात नेकलेस नाही. विचारलं. मानेला दोरा काचतो, म्हणाली. मऊ दोरा मागवला पाहिजे. ग्राहकाची तक्रार ही सुधारणेची संधी असते, कंपनीत भिंतीवर लिहिलेलं होतं.
तिच्या मानेवर काचल्याची खूण मला दिसली नाही. उजेड कमी होता.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून वेशीपर्यंत गेलो. मारुतीचं दर्शन घेतलं. बाजूला शनीची शिळा. तेलानं काळी झालेली, आणि तिच्यावर माझे नेकलेस. सगळे. एकावर एक घातलेले. दगड वरून दिसत नव्हता, निळाच दिसत होता. काहींना कार्ड तसंच होतं.
कोंडिबा गुरव झाडत होता. म्हणाला, वाण हाय म्हणून टाकता येईना आन् घरात ठेवता येईना, मग पयल्याच शनिवारी बाया घेऊन आल्या. ज्याचं त्याला. वाईट वाटून घेऊ नका दत्ताभाऊ, देवाला शोभतंय. पानाफुलांच्या माळा तिसऱ्या दिवशी सुकतात, ह्यातली एक तुटली न्हाई.
मी म्हणालो, प्रत्येक मण्यानंतर गाठ आहे.
मग वरचा दिसला. बाकीच्यांवर तेल निथळून गेलेलं, हा अजून कोरडा, नुकता घातलेला. त्याचे मणी मी सगळ्यात आधी निवडलेले, एकसारखे. ओळखायला भिंग लागलं नाही.

तोच दिवस, दुपार
घरी येऊन हातपाय धुतले. जेवलो. सवितानं ताट उचलता उचलता स्वतःच सांगितलं, कारण ती माझं तोंड ओळखते. म्हणाली, बायांनी टाकले तवा मी न्हाई टाकला. ताईबाई रोज सांगत व्हत्या, काढ म्हणून. मला काय व्हईल ते व्हवू दे म्हटलं, तुम्ही एवढं डोळं फोडून केलेला. पर तुम्ही पडलात. मग माझी छाती व्हईना घालायची. खरंखोटं देवाला माहीत, पर तुमच्यावर नको.
मी म्हणालो, तो साधा दगड आहे गं. ती म्हणाली, मला माहीत हाय. अन् डोळे पुसले.
बीपी गोळ्या न घेतल्यानं वाढलं, हे तिला सांगायला हवं होतं. तिनं तो शिळेवर घातला तो माझ्यावरून ओवाळून टाकल्यासारखा.

९ फेब्रुवारी
उरलेले मणी डब्यात भरून माळ्यावर. पहाटे पाचची बैठक रद्द. गोळी घेतली. गोठा झाडला. सविता म्हणाली, बसा तुम्ही. बसलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सविताचं अंग मोडून आलंय, म्हणून तिच्या बदली शनीला तेल वाहायला मी गेलो. आता दर शनिवारी वाहायचं आहे, तसा तिनं नवस बोललाय, माझ्या नावानं.
वरच्या नेकलेसचा हूक निसटून लोंबत होता. पंधरा दिवस भांडी, धार, पाणी, सगळ्यात तिनं घातलेला, गाठ ढिली होणारच. कोंडिबा म्हणाला, राहू द्या, देवाला काय कळतंय. पण मला दिसलेलं सोडवत नाही. पायरीवर बसलो. चष्मा आणला नव्हता. बोटांनी चाचपून गाठ उकलली, पुन्हा घट्ट मारली, ओढून बघितली. पास. आणि होता तिथं परत घातला.
तेल वाहिलं. घरी आलो तर सवितानं विचारलं, वाहिलं का नीट. म्हणालो, वाहिलं.