बाकाचं बोलायचं राहिलं

रविवार, संध्याकाळ

परळच्या हॉलमधून आत्ताच आलो. विमानतळ कसा सुधारावा, यावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. दोन तास नुसतं धावपट्टी, मेट्रो, पार्किंग. पोचवायला येणाऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्या चाळीतून कोणी परदेशी निघालं की अख्खा मजला पोचवायला जातो आणि बाहेर ताटकळत उभा राहतो.

मागच्या वर्षी मुलगा कॅनडाला गेला, तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सुनंदा सामानाच्या ट्रॉलीवर बसली. सिक्युरिटीवाल्याने हटकलं. ती ट्रॉलीवरून धडपडत उठेपर्यंत पोराने काचेपलीकडून हात हलवला आणि आत गेलासुद्धा. तिला दिसलाच नाही.

बाहेर बसायला बाक द्या, एवढंच बोलायचं होतं. माइक हातात आला, समोर सगळे साहेब, आणि मी "छान योजना आहे" म्हणून खाली बसलो! काय झालं होतं मला? ती ट्रॉली डोळ्यांसमोर होती तरी?

दारातच सुनंदाने विचारलं, "अहो, बाकाचं बोललात ना?"

"हो. लिहून घेतलं त्यांनी."

"बरं झालं. मेघना जाईल तोवर होईल मग. लेकीला तरी नीट बघेन."