बाबांच्या फोटोतून येणारं गाणं

२ नोव्हेंबर, शनिवार

घेतला! गाण्याचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेतला एकदाचा. जेवणाच्या डब्याएवढा, पण वजनाला वीट. आपलिऊ स्ट्रीटच्या बाजारातून घरी येईपर्यंत हात गळून गेला, तरी मिनीबसमध्ये मांडीवरून खाली ठेवला नाही.

दुकानदार लाईकाका नुसता अँप द्यायलाच तयार नव्हते. म्हणे, "मोबाइलमध्ये गाणं नसतं पोरी, नुसते आकडे असतात. आकड्यांचं गाणं करायला डॅक लागतो. आणि कुठलाही डॅक कुठल्याही अँपच्या गळ्यात बांधून चालत नाही. पत्रिका बघावी लागते!" मग बघितली पत्रिका. हा अँप स्वभावाने कोरडा, तर त्याला मऊ बोलणारा डॅक हवा. खोली लहान, तर दोघंही शांत डोक्याचे हवेत. अर्धा तास चाललं होतं. माझ्या लग्नाच्या वेळी एवढा विचार कोणी केल्याचं आठवत नाही.

दिवसभर लाँड्रीत वाफेची फुसफूस ऐकते. घरी आले की टीव्ही. घरात माझी म्हणावी अशी जागा म्हणजे ओट्यासमोरची फरशी. मला एक खुर्ची हवी. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये. बास.

नवरा, हॉक-मान, डबे बघून म्हणाला, "घर तीनशे फुटांचं. यात वाद्यवृंद बसवणार कुठे?"

तेच तर!

३ नोव्हेंबर, रविवार

सगळ्या घरात खुर्चीला बरोबर समोर येईल अशी एकच भिंत. आणि तिच्या मधोमध पूर्वजांचा देव्हारा. लाल दिवे, उदबत्त्या, वर बाबांचा — सासऱ्यांचा — मोठा फोटो. देव्हारा एक हात बाजूला सरकवू का, एवढंच विचारलं. सासूबाईंनी पंचांग उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, मिटलं. "या वर्षी मुहूर्त नाही." वर्षच बाद!

मग मी म्हटलं, देव्हारा राहू दे तिथेच. स्पीकरचा एक खोका त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, अँप खालच्या फळीवर.

"माझ्या नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना खोकी? सामान उतरवलंय का बंदरात?"

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "आई, दोन खोकी नीट लावली ना, की गाणं खोक्यांतून येतच नाही. मधून येतं. म्हणजे बाबांच्या फोटोतून येईल."

सासूबाईंनी मान वर केली. फोटोकडे बघितलं. बाबांना जुनी कँटनी गाणी फार आवडायची, दाढी करताना म्हणायचे.

"खरंच फोटोतून?"

"अगदी त्यांच्या तोंडातून!"

"थंडीच्या सणापर्यंत ठेव. फोटोतून आलं तर राहू दे. नाही तर सणाच्या दिवशी देव्हारा सजवायच्या आत उचल सगळं. आणि खुर्चीसुद्धा."

सण २१ डिसेंबरला. पुष्कळ वेळ आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री लावलं! आवाज स्वच्छ आहे, पण "स" आला की माशाचा काटा टोचल्यासारखं होतं. आणि ढोल वाजला की भिंतच घुमते. लाईकाकांना फोन केला. म्हणाले, खोका भिंतीला चिकटलाय म्हणून घुमतो. त्याच्या मागच्या भोकात मोजे गुंडाळून कोंब. हॉक-मानचे दोन जोड कोंबले. ढोल शहाणा झाला.

हॉक-मान सकाळी अनवाणी हिंडत होता. "मोजे कुठे गेले?" नवऱ्याला काय सांगणार? धुवायला टाकलेत म्हटलं. लाँड्रीवालीच्या घरात कोण शंका घेणार?

जेवताना नेहमीचंच. मी म्हटलं, "आई, जेवा." उत्तर नाही. हॉक-मान म्हणाला, "आई, जेव." लगेच, "हं, जेव रे बाळा, तूही जेव." धाकट्याने हाक मारायची, मोठ्याने हं म्हणायचं, मग सगळ्यांनी जेवणाच्या काड्या उचलायच्या — एवढं तर असतं. मला तेवढंही नाही. एरवी ओट्यापाशी समोर उभ्या राहून भांडतात छान. पण जेवणाच्या हाकेला, टीव्ही आणि स्वयंपाकघरातला पंखा गरगरत असताना, वाफाळत्या भाताकडे बघत बसतात. मला कारण माहीत आहे. लग्नात गुडघे टेकून चहा देताना कप हिंदकळला आणि त्यांच्या नव्या रेशमी जाकिटावर सांडला. ते अजून वाळलेलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

डॅक बदलून आणला. लाईकाका म्हणाले, "पहिला जरा फटकळ होता, हा घरंदाज आहे." खरंच! "स" मऊ झाला. रात्रीची भांडी तशीच टाकून खुर्चीत बसले. डोळे मिटले. आणि ती गाणारी बाई आली. खोक्यांतून नाही — मधून. लाल दिव्यांच्या वर. श्वास घेतलेला कळला. डोळे उघडले तर बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडून एक बाई विरहाचं गाणं म्हणत होती!

हसू आवरेना. आणि रडूसुद्धा आलं, खोटं कशाला लिहू.

१० नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंना मानाने खुर्चीत बसवलं. केस विंचरून आल्या होत्या. चांगली साखळी घातली होती. गाणं लावलं.

ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "कुठे फोटोतून? त्या उजव्या खोक्यातून येतंय सगळं. डावा तर मुका आहे. शोभेला ठेवलायस?"

मी डाव्याला कान लावला. वाजत होता! तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मला कान आहेत."

आहेत खरे. शेजारच्या टोंगबाईंकडे माजोंगमध्ये कोण जिंकलं, ते या सोफ्यावर बसून भिंतीपलीकडून सांगतात. लिफ्ट कितव्या मजल्यावर थांबली तेही कळतं. त्यांच्या कानावर शंका कोण घेणार?

साखळी काढून ठेवली त्यांनी. ते बघून मला वाईट वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

खोक्यांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. "अजून उजवाच," म्हणाल्या. म्हणजे खोकी ठीक. तारा बदलल्या. "उजवाच." म्हणजे तारा ठीक. म्हणजे डॅकच एका बाजूने दगा देतोय! पण मला दोन्हीकडून ऐकू येतं. आता माझ्याच कानांवरचा विश्वास उडायला लागलाय. लाँड्रीत एका गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली, तर मी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग त्याच्याकडे.

हॉक-मानने विचारलं, "काय म्हणतोय तुझा वाद्यवृंद?"

"मस्त!" एवढी भांडून घेतलेली वस्तू बिघडलीय, हे याला सांगू? त्यापेक्षा मोजे कुठे आहेत ते सांगेन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लाईकाकांनी डॅक तपासला. दोन्ही बाजू समान. तरी तिसरा दिला. "सासूबाईंचे कान सोन्याचे दिसतात! आम्हाला ऐकू न येणारा दोष त्यांना येतो. दुकानात बसतात का? पगार देतो."

घरी सांगितलं तर सासूबाईंचा चेहरा खुलला. दिवसभर खुललेलाच होता. टोंगबाईंनाही सांगून आल्या. संध्याकाळी तिसरा डॅक ऐकला. "उजवा," म्हणाल्या. आता तज्ज्ञ झाल्यामुळे मान हलवून म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

लाईकाका म्हणाले, डॅकचा दोष नाही, जोडी जमत नाहीये. अँपच बदल. आता काचेच्या नळ्यांचा छोटा अँप आणलाय. चालू केला की नळ्या नारिंगी तापतात आणि आवाजाला ऊब येते. काय सुंदर दिसतो देव्हाऱ्याखाली!

फारच सुंदर. लाँड्रीतून आले तर त्याच्यावर संत्रं! समोर उदबत्ती.

"आई, हे काय?"

"दिवा लावलायस ना पूर्वजांना? नुसता दिवा कसा ठेवायचा?"

संत्रं एका बाजूने शिजलं होतं. घरभर वास. हॉक-मानने खाल्लं आणि म्हणाला, छान लागतंय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

"उजवा."

७ डिसेंबर, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली. सासूबाई रोज ऐकायला बसतात. रोज! मी लाँड्रीतून यायच्या आधी खुर्ची उबदार असते. रोज उजवाच म्हणतात, तरी रोज बसतात. आज दारातून बघितलं. गाणं चालू होतं आणि त्या फोटोकडे बघत होत्या, बसस्टॉपवर दुसरीच बस आल्यावर माणूस बघतो तसं. मला बघताच उठल्या. "दुरुस्त झालं का, ते बघत होते."

मला खुर्ची हवी होती. अजून हवी आहे! पण आता त्यांना ते गाणं फोटोतून ऐकू यायलाच हवं, हे जास्त वाटतंय. काय करू? डबे तर सगळे बदलून झाले.

१४ डिसेंबर, शनिवार

लाईकाकांनी हात जोडले. "पोरी, माझ्याकडची सगळी स्थळं दाखवून झाली." पहिलाच अँप आणि घरंदाज डॅक ठेवते म्हटलं. मला तरी तीच जोडी आवडली होती. नळ्यांचा अँप परत करताना काकांनी हुंगला. "संत्र्याचा वास कसा येतो याला?"

१८ डिसेंबर, बुधवार

सासूबाईंनी आठवण करून दिली. "परवा देव्हारा धुवायचा. खोकी हलव." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुठ्ठ्याचे खोके पलंगाखालून काढले. मोजेही काढून धुतले. हॉक-मान म्हणाला, "अरे, सापडले!"

२० डिसेंबर, शुक्रवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

देव्हारा धुवायला जागा करायची म्हणून मी खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून ठेवली. शेवटचं म्हणून गाणं लावलं आणि पितळी भांडी घासायला गेले. सासूबाई दमून त्या खुर्चीत बसल्या. म्हणजे तोंड खिडकीकडे, आणि देव्हाऱ्याची भिंत त्यांच्या उजव्या हाताला.

एकदम माझं नाव घेऊन ओरडल्या, "फान! फान! ये लवकर!"

मला वाटलं पडल्या. धावत गेले, हात राखेचे. त्या हलल्या नव्हत्या. खिडकीकडे बघत, बोट उजवीकडे करून म्हणाल्या, "आलं. त्यांच्याकडून येतंय. अगदी त्यांच्याकडून." डोळ्यांतून पाणी गळत होतं. "दुरुस्त केलंस होय गं!"

मी काहीच केलं नव्हतं. डबे तेच, तारा त्याच. बदलली होती ती फक्त खुर्ची.

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. हळूच म्हटलं, "आई, चहा टाकू?" गाणं ऐकत राहिल्या. कानाजवळ चुटकी वाजवली. मान हलली नाही. उजवीकडे जाऊन तेवढ्याच हळू म्हटलं, "चहा टाकू?"

"टाक की. विचारतेस काय?"

हॉक-मान आल्यावर त्याला स्वयंपाकघरात ओढलं. विचारलं, आईंचा डावा कान? तो म्हणाला, "काय झालं कानाला?" मग म्हणाला, "लहानपणी रस्त्याने जाताना मला नेहमी ओढून उजव्या हाताला घ्यायची. फोनही उजव्याच कानाला लावते. मला वाटलं, सवय." सासूबाईंना आडून विचारलं. लहानपणी गालगुंड झालं होतं, एवढंच आठवतं त्यांना. ऐकू येणं म्हणजे असंच असतं, असं त्या जन्मभर धरून चालल्या आहेत. टोंगबाईंची भिंतसुद्धा सोफ्याच्या उजव्या अंगालाच आहे!

त्यांना काही सांगितलं नाही. सोन्याचे कान आहेत, राहू देत. यंत्र दुरुस्त झालं, खोकी राहणार, खुर्ची आता खिडकीकडे तोंड करून राहील. मी ऐकायला बसले की फिरवून घेईन.

हे लिहिताना जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आलं. भिंतीशी सासूबाई. त्यांच्या उजवीकडे हॉक-मान. आणि सूप आणायला सारखं उठावं लागतं म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूला, लग्न झाल्यापासून, मी —

२१ डिसेंबर, शनिवार. सण.

हॉक-मानला म्हटलं, आज सूप तू आणायचंस, माझ्या जागेवर बस. त्याने बसून हाक मारली, "आई, जेव." उत्तर नाही. बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मग मी, त्यांच्या उजवीकडून, माझ्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हटलं, "आई, जेवा."

सासूबाई वळल्या. काड्या खाली ठेवल्या. माशाचा गालाजवळचा मऊ तुकडा माझ्या वाडग्यात घातला आणि म्हणाल्या, "हं. जेव. या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा जेवायला हाक मारलीस मला."