नाल्यापलीकडची बंदी

मुलींचे वसतिगृह, गडचिरोली
९ मार्च २०२५

ती. मोठेबाबांस,
नूतनचा सविनय जयभीम. वि. वि.

मी इथे बरी आहे. वसतिगृहात फोन जमा करून घेतात आणि तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, तेव्हा आपलं कागदावरचं बोलणंच बरं. तुम्ही पाठवलेली लाखोळीची डाळ मैत्रिणींनी फस्त केली.

कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय आहे, चांगला नेता कोणाला म्हणावं. बाकीच्या मुली मोठमोठ्या माणसांवर बोलणार आहेत. मी ठरवलंय, आपल्या गावच्या कमळाकाकूवर बोलायचं. मागच्या साली अस्वलानं गिरजाबाईचा पाय फाडला, तेव्हा मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना एकत्र केलं ते तिनेच. एकटीने जायचं नाही, उजाडल्याशिवाय निघायचं नाही, ती सांगेल त्याच झाडांखाली वेचायचं. आधी कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. माझ्या मते, जिचं ऐकावंसं वाटतं ती चांगली नेता.

रागावू नका. वन समितीचं अध्यक्षपद तुमच्याकडून तिच्याकडे गेलं, हे मी विसरले नाही. पुढच्या वर्षी तुमच्यावर बोलीन. यंदा तिने काय काय केलं ते सविस्तर कळवा.

मोठ्या आईला जयभीम. माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.
तुमची
नूतन


चिचटोला, ता. सावली
१८ मार्च

चि. नूतनले,
मोठेबाबाचे अनेक आशीर्वाद अन् जयभीम.

तुहं पत्र भेटलं. मोठ्या आईनं दोनदा वाचून घेतलं. पद गेलं त् मले राग नाई, उलट झोप चांगली लागते. पण कमळाबाईवर भाषण देण्याआधी जरासी थांब.

यंदा तिनं नाल्यापलीकडच्या मोहावर बंदी घातली. म्हणे, तिथी वाघीण बच्चे घेऊन राहून राह्यली. आपल्या शिवारात सगळ्यात जास्त फूल तिथीच पडते, हे तुले मालूम आहे. जंगलाच्या गार्डले विचारलं त् तो म्हणाला, मले काई ठसे दिसले नाई. मंग एकट्या कमळाबाईलेच कसे दिसले?

काल आपल्या मागच्या गल्लीतली सोमारी घरी आली होती. तीच, जे कमळाबाईसंग नेहमी वाद घालते. तिनं कमळाबाईले सकाळी नाल्यातून एकटी वर येताना पाह्यलं. डोक्शावर टोपली, टोपलीवर लुगड्याचा तुकडा. झाकलं तरी मोहफुलाचा वास लपते का? तुमी समितीत होते म्हणून तुमालेच सांगते, दुसऱ्या कोणाले बोलली नाई, असं सोमारी म्हणाली. मी बी तुह्याशिवाय कोणापाशी तोंड उघडलं नाई.

बायकांले भेव दाखवाचं अन् आपण टोपली भराची. तुह्या कॉलेजात याले नेता म्हणतेत का?

तब्येतीले जप. आमच्यावरचा जीव कमी करू नको.
तुहे मोठेबाबा
लहानू


गडचिरोली
२५ मार्च

ती. मोठेबाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझं भाषण पुढे सरकत नाही. इतकंच नाही, इथेही मला जो तो संशयास्पद दिसायला लागला. आमच्या मेसची प्रतिनिधी वरणात पाणी असल्याची तक्रार घेऊन अधीक्षिकांकडे गेली होती. परत आली ती गप्पच. तिच्या ताटात कधी कधी पापड असतो. कालपर्यंत मला तो नुसता पापड वाटत होता.

पण मग मी सगळ्यांवरच संशय घेऊन पाहिला. गार्डला ठसे दिसले नाहीत, की तो नाल्यापर्यंत गेलाच नाही? सोमारीला काकूच्या जागी स्वतः यायचं असेल का? आणि मोठेबाबा, तुमच्यावरही घेतला. झोप चांगली लागते असं लिहिलंत, पण अख्ख्या पत्रात काकूबद्दल एक बरा शब्द नाही.

तेव्हा एक करा. सरळ काकूच्या अंगणात जा आणि तोंडावर विचारा की ती तिथे का गेली होती. चोरी असेल तर तिचा चेहराच सांगेल. तिला विचारल्याशिवाय ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगू नका. वाघीण खरंच असली तर?

उत्तर लवकर द्या. लहान तोंडी जास्त बोलले असेन तर पोटात घाला आणि पूर्वीसारखंच आपलं म्हणा.
तुमची
नूतन


चिचटोला
५ एप्रिल

चि. नूतनले,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

लिवाले उशीर झाला. गावात लय झालं. तुहं पत्र आलं, पण कमळाबाईकडे जाणं काई जमलं नाई. तेवढ्यात गोष्ट गावभर पसरली होती. बायका चिडल्या. ते एकटी वेचते त् आमी काऊन नाई, म्हणून सोमारी पुढे झाली अन् सकाळी बायका घेऊन नाल्यापलीकडे गेली.

कमळाबाईले मालूम पडताच ते हातात काठी घेऊन धावत सुटली. तिच्यामांगं आमी माणसं. आमी नाल्यात उतरलो अन् वरून वाघिणीचा आवाज आला. वर जाऊन पाह्यलं त् बायका एकमेकींले धरून उभ्या, सोमारी खाली पडलेली, अन् तिच्या अन् वाघिणीच्या मधात कमळाबाई. काठी जमिनीवर आपटत होती अन् मांगं सरका, पळू नका, म्हणून सांगत होती. झुडपात बच्चे होते. वाघिणीनं झेप घेतली, कमळाबाईचा खांदा फाडला अन् आमच्या आरडाओरड्यानं मांगं फिरली. सावलीच्या दवाखान्यात टाके पडले. जीव वाचला.

पट्टी बांधलेली असतानाच तिनं सभा बोलावली. म्हणाली, नाल्यापलीकडे मी जात होती, हे खरं आहे. नियम मी घातला अन् मीच मोडला. आता दुसरी कोणी पाहा. एवढं बोलून बसली. काऊन जात होती ते सांगतलंच नाई. मंग गिरजाबाई काठी टेकत उठली. तिच्या घराच्या वाट्याची झाडं सगळी नाल्यापलीकडेच आहेत. पाय गेल्यापासून तिच्या घरून वेचाले कोणी नाई. कमळाबाई तिचं फूल वेचून तिच्या दारात ठेवत होती. गिरजाबाईसाठी गेली म्हणून सांगतलं त् साऱ्याच आपली आपली गरज सांगतीन, म्हणून कमळाबाई गप राह्यली होती.

मी तरी सोमारीले विचारलं, गिरजाबाई खरं बोलते कशावरून? सोमारी म्हणाली, माह्या अंगावर आलेली वाघीण कोणी अंगावर घेतली ते मी पाह्यलं, बाकीचं मले पाहाचं नाई.

बायकांनी आता कमळाबाईच्या जागी सोमारीलेच पुढे केलं. बंदी तिनं तशीच ठेवली. गिरजाबाईच्या टोपलीत प्रत्येकीनं आपल्यातलं ओंजळभर टाकाचं, असं ठरवलं. खांदा बरा झाल्यावर तिथी जाऊ का म्हणून कमळाबाईनं विचारलं, त् सोमारीनं नाई म्हटलं. अन् कमळाबाईनं ऐकलं.

तुह्या भाषणाचं काय झालं? आठवण ठेवत जा.
मोठेबाबा


गडचिरोली
१२ एप्रिल

ती. मोठेबाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काकू वाचली, हे वाचून मोठ्याने रडले. भाषण दिलं. बक्षीस मिळालं नाही. जिचं ऐकावंसं वाटतं ती नेता, हे वाक्य मी खोडलं होतं. त्याऐवजी म्हटलं की नेत्याने नियम मोडला तर कारण कितीही चांगलं असो, मागच्यांना फक्त मोडलेला नियम दिसतो. परीक्षकांनी विचारलं, मग ती बाई चांगली नेता की नाही?

पण तुमच्या पत्रात एक जागा आहे, तिथे मी अडकले. गोष्ट गावभर पसरली, असं तुम्ही लिहिलंत. सोमारीने ती फक्त तुम्हाला सांगितली होती. तुम्ही फक्त मला. मी इथून कोणाला सांगणार? मग चिचटोल्यात ती पसरली कशी?

सोमारीने पसरवली असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मग ती आधी तुमच्याकडे कशाला आली असती?

सुट्टीत मी घरी येणार आहे. मला घ्यायला सावलीच्या स्टँडवर येऊ नका, मी येईन. त्याआधी काकूच्या अंगणात जाऊन या.

तुमच्यावर माझा जीव आहे म्हणूनच हे लिहवलं.
नूतन


चिचटोला
२० एप्रिल

चि. नूतनले,
आशीर्वाद, जयभीम.

मी गेलो होतो. टोपलीची गोष्ट पानठेल्यावर मीच बोललो, असं तिच्या तोंडावर सांगतलं.

ते खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. म्हणाली, भाऊ, मले त्याच दिवशी मालूम होतं. मी विचारलं, मंग भरसभेत माहं नाव काऊन नाई घेतलं? गाव माह्यावर उलटलं असतं. ते म्हणाली, सभा नियम मोडल्याची होती अन् नियम मी मोडला होता, तुमी नाई.

चहा काई तिनं विचारला नाई. मी बी थांबलो नाई.

तू ये. मोठी आई वाट पाहून राह्यली. माह्यावर राग असन त् असू दे, पण ये.
तुहे मोठेबाबा
लहानू