तिसऱ्यांदा विचारल्यावर

सुराबाया, बुधवार दुपार

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींची साखर दोन्ही ताब्यात आहेत असं धरून चालते. (नसतील तर औषधं वेळेवर घ्या.)

तुमच्या सोलोच्या गल्लीतला गालिह आठवतो ना? तूच शिफारस केली होतीस, ‘मुलगा फार शालीन आहे’ म्हणून. मासळीबाजारातल्या बायकांना फोनवरून मागवलेला बर्फ पोचवणारी त्याची कंपनी. तिच्यात पहिला पैसा मी घातला, निवृत्तीचा निम्मा. गालिह मला आईला म्हणावं तसं ‘इबू’ म्हणतो, पण अशा गुंतवणूकदाराला देवदूत म्हणतात. छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा हा शब्द कुणाला सुचला नव्हता.

यंदा बाजार बसला आणि परदेशी पैसेवाले पांगले. जानेवारीत मी गालिहला विचारलं, वर्षभर पैसा पुरेल का? ‘पुरेल, इबू.’ विषय संपला. आम्ही सुराबायाची माणसं एकदा विचारतो, एकदा ऐकतो.

सोमवारी त्याच्या हिशेबनीस बाईंकडून कळलं की अकरा जणांचे पगार याच महिन्यापुरते आहेत. गालिहला समोर बसवलं. खोटं का बोललास? त्याने आधी मला चहा ओतला. ‘खोटं कसं, इबू? तुम्ही एकदाच विचारलंत. आमच्या सोलोत पहिल्याच फटक्यात कुणी रडगाणं गातं का?’

‘बरं, दुसऱ्यांदा विचारते.’

‘छान चाललंय, इबू.’

‘तिसऱ्यांदा.’

‘दहा दिवस, इबू.’

(ताई, चाळीस वर्षं तू त्या गावात संसार कसा केलास?)

आज सकाळी गालिहच्या ऑफिसात सिंगापूरचे तेओ आले. पैसे घालायला तयार असलेला हा एकटाच माणूस उरलाय. अट एकच, पहिल्या गुंतवणूकदाराने पुन्हा तेवढेच घालावेत. मला विचारलं. मी नाही म्हटलं. गालिहने तळलेल्या केळ्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि हळूच म्हणाला, ‘हा इबूंचा पहिला नकार.’ तेओंनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं, जरा मोठ्याने. ‘दुसरा,’ गालिह म्हणाला. काचेपलीकडे अकराही जणांची बोटं थांबली होती. त्यात एका मुलीला आठवा महिना. तेओ घड्याळ बघून उठले. ‘तिसऱ्यांदा उद्या दहाला विचारतो, मॅडम. अकराला मला विमानतळाकडे निघायचंय.’

येताना मासळीबाजारात थांबले. तिथली बांगडेवाली म्हणाली, ‘पोराचा भाव मेला जास्तच, पण त्याच्या बर्फामुळे संध्याकाळी मासळी फेकावी लागत नाही.’

माझा निर्णय ठाम आहे. म्हातारपणीचा उरलेला पैसा मी बर्फात घालणार नाही. तुला फक्त माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुझी धाकटी,
रेत्नो

ता. क. खरंच घालणार नाही, त्या पैशाला मी हात लावलेला नाही. या पत्रासोबत ड्रायव्हर स्लामेतच्या हाती बाबांच्या मलांगच्या जमिनीचे कागद पाठवलेत. ती विकायची तर दोघींच्या सह्या लागतात, आणि घेणारा उद्या सकाळी आठला येतोय. माझी सही झाली आहे. स्लामेत पाचपर्यंत तुझ्या दारात थांबेल.

ता. क. पुन्हा. तू आता सोलोचीच. तेव्हा पहिली दोन उत्तरं स्लामेतला देऊन टाक. मला फक्त तिसरं पाठव.